कधी पोहोचणार?

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर किती, असा प्रश्न आमच्या गावात पूर्वी भूगोलाच्या तासालाही फारसा विचारला गेला नसेल. आता तो मयताच्या घरी विचारला जातो. वसईच्या पश्चिम पट्टीत ज्या घरातील एकही माणूस परदेशी नाही, असे घर आज शोधावेच लागेल. पूर्वी बोटीवर जाणारे होते, मग आखातात जाणारे झाले. पुढे इस्रायल, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका ही नावे आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी शेजारच्या आळीच्या नावांइतकी सहज रुळली. घरात कोणी देवाघरी गेले, की पहिल्या तासाभरात धर्मगुरूंना निरोप जातो, शीतपेटीची चौकशी होते आणि बाहेर असलेल्या मुलांना फोन लावले जातात. मग ओट्यावर जमलेल्या मंडळींपैकी कोणी तरी दबक्या आवाजात विचारतो, "पोरगा कधी पोहोचणार?" मातीची वेळ या एका उत्तरावर ठरायची असते.

आमची कन्या कुवेतला आहे आणि चिरंजीव न्यू जर्सीत. आम्ही म्हणजे आम्ही उभयता. हा मजकूर लिहिताना एकाने लेखणी धरली आणि दुसरीने आकडे तपासले, तेव्हा 'मी' म्हणण्याची सोय उरली नाही. दोघेही शिक्षकी पेशातून निवृत्त झालो असल्यामुळे कोणताही प्रश्न फळ्यावर मांडल्याखेरीज आम्हांला चैन पडत नाही. आणि हा प्रश्न तर आमच्याच घरचा. मुंबईहून कुवेत सुमारे २,७५० किलोमीटर. विमान चार तासांच्या आत-बाहेर पोहोचते. मुंबईचा विमानतळ आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ यांच्यातील अंतर मात्र सुमारे १२,५३० किलोमीटर. साडेचार कुवेत एकापुढे एक मांडावेत तेवढे.

हा १२,५३० चा आकडा कोठून आला, हे पाहणे मनोरंजक आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत रेघ ओढली, तर ती अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को यांवरून अटलांटिक महासागरात उतरते. शाळेत असताना मुले हमखास हीच रेघ ओढीत. त्या रेघेने खरोखर गेले, तर प्रवास सुमारे १४,२०० किलोमीटरचा होईल. म्हणजे जवळजवळ १,७०० किलोमीटर फुकट. पृथ्वीगोल हाती घेऊन दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरावा, म्हणजे दोरा आपणहून वेगळीच वाट धरतो. तो मुंबईहून पश्चिमेला जात नाही, उत्तरेच्या अंगाला झुकतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानची पश्चिम कड, मग रशियाचे सपाट विस्तीर्ण मैदान, सेंट पीटर्सबर्गजवळून फिनलंड, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला खेटून लॅब्राडोर आणि मग खाली न्यूयॉर्क. आमच्या नारळी-केळीच्या गावातून निघालेला माणूस सर्वांत जवळच्या वाटेने जायचे म्हटले तर पासष्टाव्या अक्षांशाच्या बर्फावरून जातो. पृथ्वीच्या केंद्रावर बसून पाहता आले असते, तर या दोन शहरांमध्ये एकशे तेरा अंशांच्या जरासा आतला कोन दिसला असता. एका अंशाचे साठ भाग, आणि एका भागाचा एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. दर्यावर्दी लोकांचे हे जुने माप आजचे वैमानिकही वापरतात.

पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर असल्यामुळे कोणीही कोणापासून जमिनीवरून मोजता २०,००० किलोमीटरहून अधिक दूर जाऊच शकत नाही. आमच्या सौभाग्यवती या माहितीला दिलासा मानतात. दुसऱ्या पक्षाचे मत वेगळे आहे.

अंतर ठरले, आता वेळ. मोठे जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडते. १२,५३० ला ९०० ने भागले तर चौदा तासही होत नाहीत. पण मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे थेट विमान सोळा तासांच्या आसपास घेते आणि तेच विमान परत येताना चौदा-साडेचौदा तासांत मुंबईला टेकते. वाट तीच, यंत्र तेच, तरी दीड-दोन तासांचा फरक. हा फरक वाऱ्याचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा एक जबरदस्त वायुप्रवाह आहे. त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो, आणि हिवाळ्यात तो तीनशेचाही टप्पा ओलांडतो. पूर्वेला येणाऱ्या विमानाला तो पाठीवर घेतो, पश्चिमेला जाणाऱ्याच्या छातीवर बसतो. वैमानिक त्याला चुकवण्यासाठी वाट वाकडी करतात, उंची बदलतात. एवढ्या मोठ्या विमानाला तासाला सात-आठ टन इंधन लागते, तेव्हा अर्ध्या तासाचा वळसाही स्वस्तात पडत नाही. म्हणून कंपनीच्या वेळापत्रकातले तास म्हणजे एक अंदाज. प्रत्येक दिवसाचे अंतर त्या दिवसाचा वारा ठरवतो. शिडाच्या गलबतांचे दिवस संपले असे आपण म्हणतो खरे.

आमच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी, की वारा येणाऱ्याच्या बाजूने आहे. मुलगा घरी येतो तेव्हा तो वेगाने येतो.

जानेवारी २०१८ मध्ये नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी आम्ही प्रथमच या वाटेने गेलो. विमान मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास सुटले आणि न्यूयॉर्कला उतरलो तेव्हा तिथे त्याच तारखेचे सकाळचे सात वाजत होते. घड्याळाच्या हिशेबाने साडेपाच तास, अंगाच्या हिशेबाने सोळा. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. एवढे गणित आम्हांला ठाऊक होते. ठाऊक नव्हती ती रात्र. त्या सोळा तासांत एकदाही उजाडले नाही. खिडकीची झडप कितीदा वर केली तरी बाहेर काळोखच. समोरच्या पडद्यावर छोटेसे विमान नकाशावर मुंगीच्या पावलाने सरकत होते, बाहेरचे तापमान उणे पंचावन्नाच्या खाली गेले होते, आणि रात्र काही पुढे सरकत नव्हती.

घरी परतल्यावर आम्ही त्याचा छडा लावला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेव्हा मुंबईच्या अक्षांशावरची जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते. पण पासष्टाव्या अक्षांशावर हाच वेग सातशेवर उतरतो. तिथे पश्चिमेकडे आठशे-नऊशेच्या वेगाने जाणारे विमान पृथ्वीच्या फिरण्याला मागे टाकते. मागून येणारी पहाट त्याला गाठू शकत नाही. सोळा तास आम्ही पहाटेच्या पुढे पळत होतो, आणि न्यूयॉर्क जवळ येऊन विमान दक्षिणेला वळले, तेव्हा कुठे तिने आम्हांला गाठले. पूर्वेकडच्या खिडकीतून तांबडी रेघ दिसली त्या वेळी आमच्या रांगेतील एक गुजराती आजी उठून बसल्या आणि म्हणाल्या, "चला, एकदाची सकाळ झाली." आम्हांलाही त्याहून वेगळे काही सुचले नाही.

परतीचा प्रवास याच्या उलट. दुपारी निघालो, दोन घास खाईपर्यंत अंधार, डुलकी लागते न लागते तोच समोरून सूर्य. दिवसातून दहा तास कोणी कापून घ्यावेत तसे वाटले. पुढचा आठवडाभर आम्ही रात्री दोन वाजता ओट्यावर बसून चहा घेत होतो.

ज्या विमानतळावरून हे सर्व घडते तो आमच्याच भाऊबंदांच्या शेतांवर उभा आहे, हे आमच्या तरुण पिढीला सांगितले तर त्यांना नवल वाटते. सहार हे ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचे जुने गावठाण. मरोळ, चकाला, कोंदिवटे ही त्याची शेजारची गावे. त्यांच्या भोवतीच्या शेतजमिनीवर धावपट्ट्या पसरत गेल्या. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करीत लंडनला गेले. भारतीय कंपनीची युरोपला जाणारी ती पहिली फेरी. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट विमाने लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. मुंबईहून कोठेही न थांबता न्यूयॉर्कला जाणारे एअर इंडियाचे विमान सुटायला मात्र १ ऑगस्ट २००७ हा दिवस उजाडावा लागला. म्हणजे १२,५३० किलोमीटर एका दमात तोडायला एअर इंडियाला जेट युगातही सत्तेचाळीस वर्षे लागली. आकड्यात काही फरक पडला नव्हता. तो तोडण्याइतके इंधन वाहून नेणारे पंख तयार व्हायचे होते. लांबच्या पल्ल्याच्या बोइंग ७७७ च्या टाक्यांत सुमारे १,८०,००० लिटर इंधन मावते. आमच्या गावची विहीर, आमच्या अंदाजाने, त्यात दोनदा रिकामी होईल.

अंतराचा आणि वेळेचा हा विचार करताना फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. आपल्या वाचकांना ते 'क्रिस्तपुराणा'चे कर्ते म्हणून परिचित आहेत. पण मराठीत ओवी लिहिण्याआधी त्यांनी एक प्रवास केला आणि त्याविषयी एक पत्र लिहिले. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. दोनशे तीन दिवस. लिस्बन आणि गोवा यांतील सरळ अंतर सुमारे ८,३४० किलोमीटर. म्हणजे आमच्या मुलापर्यंतच्या अंतराच्या दोन-तृतीयांश. पण त्यांचे जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आले, वाऱ्याची वाट पाहत आले. गोव्यास पाय ठेवल्यावर तीन आठवड्यांच्या आत, १० नोव्हेंबरला, त्यांनी लंडनमध्ये व्यापार करणाऱ्या आपल्या वडिलांना पत्र लिहिले. वारे, तारे, मासे, पक्षी, केपजवळ जहाजावर आलेले संकट, सगळे त्या पत्रात आहे. आणि एका जागी मुलगा वडिलांना समजावून सांगतो, की पूर्व-पश्चिम प्रवास कठीण असतो, कारण त्या दिशेत आपण किती आलो हे दाखवणारा स्थिर बिंदू आकाशात नाही. उत्तर-दक्षिण अंतर ध्रुवताऱ्यावरून कळते. पूर्व-पश्चिम अंतर त्या काळी कोणालाच नेमके मोजता येत नव्हते. ते मोजायला घड्याळ लागते, आणि जहाजाच्या हेलकाव्यात अचूक चालणारे घड्याळ अठराव्या शतकात तयार झाले. घरचे किती वाजले हे ठाऊक असेल, तरच आपण घरापासून किती दूर आहोत हे कळते.

ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापलेही गेले. पत्र लिहिणारा मात्र पुन्हा इंग्लंडला गेला नाही. चाळीस वर्षांनी, १६१९ साली, त्याने गोव्यातच देह ठेवला. त्या काळी मुलाला निरोप देणारे आईबाप तो परत येण्याचा हिशेब मांडीतच नसावेत. अंतर एकदाच पार करायचे असे. आपल्या पिढीची अडचण निराळी. आपल्याला तास मोजता येतात, आणि जे मोजता येते त्यासाठी वाट पाहावी लागते.

जानेवारी २०१७ मध्ये आमचे वडील गेले. एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. पण घरात सगळे त्यांना बाबाच म्हणत. चिरंजीवाला त्यांनी सायकल शिकवली होती, पोहायला शिकवले होते, आणि आम्हांला न सांगता आइसफ्रूटसाठी पैसेही दिले होते. गुरुवारी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी डोळे मिटले. न्यू जर्सीत तेव्हा बुधवारची संध्याकाळ होती, पाच चाळीस. फोन उचलला तेव्हा मुलगा कार्यालयातून निघत होता. त्याने काही विचारले नाही, फक्त म्हणाला, "माती कधी करताय?" आम्ही म्हणालो, "तू सांग."

मग हिशेब सुरू झाला. थेट विमान त्या रात्री मिळण्यासारखे नव्हते. आखातातून जाणारे एक विमान रात्री अकराला सुटणार होते, म्हणजे आपल्याकडे गुरुवारी सकाळी साडेनऊ. बारा तास पंचेचाळीस मिनिटे हवेत, सव्वातीन तास मधल्या विमानतळावर, पुन्हा तीन तास हवेत. शुक्रवारी पहाटे साडेचारला सहार. सामान नव्हतेच, पासपोर्टची रांग आणि फाटकाबाहेर येणे यांत एक तास. मग सहार ते आमचे घर, पन्नासएक किलोमीटर. या पन्नास किलोमीटरांची धास्ती आम्हांला त्या बारा हजारांहून अधिक वाटत होती. पहाटे दीड तासात होणारी ही वाट सकाळी वर्सोव्याच्या खाडीपुलापाशी अडली, की तीन तास ठरलेले. नवा पूल २०२३ साली झाला. तेव्हा जुनाच होता. आमच्या पुतण्याने पहाटे तीनलाच गाडी नेऊन लावली.

सकाळी सात वाजता मुलगा ओट्यावर चढला. बाबा गेल्यापासून सत्तावीस तास झाले होते, दहा मिनिटे कमी. त्यांपैकी पावणेसोळा तास तो हवेत होता. उरलेले अकरा तास जमिनीवर गेले, रांगांत, खुर्च्यांवर, गाडीत. वेळापत्रकात हे अकरा तास कोठेही छापलेले नसतात. दहाची मिस्सा होती. त्याने तोंड धुतले, कपडे बदलले आणि बाबांच्या उशाशी जाऊन बसला. त्याच्या अंगावर तेव्हाही न्यू जर्सीच्या थंडीचा जाड स्वेटर होता आणि आमच्याकडे खिडक्यांतून ऊन येत होते. आत्याबाईंनी तो काढायला सांगितला. खांदा द्यायला तो पुढे उजव्या बाजूस होता.

कुवेतची कन्या गुरुवारी दुपारीच आली होती. तिने रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा केला.

हवेतली वाट वाऱ्याशिवाय आणखीही कोणाच्या मर्जीवर असते, हे आम्हांला पुढे कळले. आकाशाला कुंपण नाही असे कवी म्हणोत. प्रत्येक देशाचे आकाश त्याच्या मालकीचे असते आणि तो ते बंद करू शकतो. २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते १६ जुलैपर्यंत पूर्णपणे उघडले नाही. गोलावरच्या दोऱ्याचा पहिलाच वाव त्या आकाशातून जातो. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले, तेव्हा रशियाने अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील कित्येक देशांच्या विमानांना मज्जाव केला. भारतीय विमाने जात राहिली, पण त्या वर्षी भारत आणि अमेरिका यांमधील काही थेट फेऱ्याच थांबल्या. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा दार लावले आणि उत्तर अमेरिकेच्या वाटेवरील काही विमाने इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगन येथे उतरू लागली. अशी बातमी वर्तमानपत्रात आली, की इतर लोक ती राजकारण म्हणून वाचतात. आमच्या घरात पृथ्वीगोल खाली काढला जातो आणि दोऱ्याला गाठ मारून तो कोठून वळवावा लागेल ते पाहिले जाते.

आणि २०२० साली तर आकाश सर्वांनाच बंद झाले. २३ मार्चपासून परदेशी जाणारी-येणारी नियमित विमाने थांबली, ती पूर्ववत सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. त्या २०२० च्या जूनमध्ये आमची आई गेली. तिला महामारीने नेले नाही, वयाने नेले. सरकारने सोडलेल्या मोजक्या विमानांसाठी नावे नोंदवावी लागत, यादीत नंबर लागावा लागे, आणि उतरल्यावर चौदा दिवस अलग राहावे लागे. त्यांतले पहिले सात घराबाहेर. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. मुलाने या वेळी मातीची वेळ विचारली नाही. दुपारी चारला दफन झाले. न्यू जर्सीत सकाळचे साडेसहा, कुवेतमध्ये दुपारचा दीड. पुतण्याने मोबाइल उंच धरला होता. चार तासांवरची मुलगी आणि सोळा तासांवरचा मुलगा त्या दिवशी सारख्याच अंतरावर होती.

एक गोष्ट हिशेबात धरायची राहते. येणाऱ्याच्या पाठीशी वारा असतो, हे वर म्हटले. जाणाऱ्याच्या वाटेत वाऱ्याखेरीज व्हिसाही असतो. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेच्या भेटीचा व्हिसा प्रथमच मागणाऱ्याला भारतातील काही शहरांत मुलाखतीसाठी दोन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागत होते. तेव्हा सहारहून न्यूयॉर्क सोळा तास नव्हते, सोळा तास आणि दोन वर्षे होते. आमच्या पासपोर्टांवर २०१७ सालचा दहा वर्षांचा शिक्का आहे म्हणून आम्ही निश्चिंत. त्याची मुदत भरत आली आहे, आणि सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा त्या रांगेत उभे राहायचे की नाही, यावर आमच्यात मतभेद आहेत. तिकडच्या मुलांनाही हा काच आहेच. कामाच्या व्हिसाचा शिक्का जुना झाला असेल, तर आलेल्या माणसाला नवा शिक्का मिळेपर्यंत परत जाता येत नाही. आमच्या आळीतील एका घरी याच कारणाने मुलगा आईच्या मातीला आला नाही. गावाने त्याला नावे ठेवली. आम्ही ठेवली नाहीत, कारण त्याने विमानाच्या तासांखेरीज आणखी काय काय मोजले असेल, ते आम्हांला ठाऊक आहे.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी, मिस्साहून आल्यावर, आम्ही दोघांनी बसून ठरवले, की आपल्यापैकी कोणी गेले तर मागे राहिलेल्याने मुलांसाठी फार थांबू नये. दुसऱ्या दिवशी दुपारी चारची वेळ धरावी. तोवर जो पोहोचेल तो पोहोचेल. न पोहोचलेल्याने सवडीने यावे, महिन्याच्या मिस्सेला यावे, वर्षाला यावे. गावाला तिष्ठत ठेवू नये आणि मुलांनाही कोणत्या तरी परक्या विमानतळावरच्या खुर्चीत घड्याळाकडे पाहत बसवू नये, असा विचार. संध्याकाळी फोनवर दोघांनाही सांगितले. कन्या म्हणाली, "मला काय, मी चार तासांत येते. पण त्याला विचारा."

चिरंजीव बराच वेळ बोलला नाही. तिकडे सकाळ होती. नातवाचा चमचा बशीवर वाजत होता. मग म्हणाला, "पपा, रात्री अकराला काही झालं, तर दुसऱ्या दिवशीच्या चारपर्यंत सतराच तास होतात. त्यात विमानसुद्धा धड बसत नाही."

आम्ही म्हणालो, "पहाटे काही झालं तर छत्तीस मिळतील."

"म्हणजे तुम्ही वेळ बघून जाणार?" तो म्हणाला. आम्ही हसलो, तो हसला नाही. "बाबांसाठी सत्तावीस तास थांबलात ना? मग निदान तेवढे तरी धरा. वेळ मी सांगीन. तिकीट हातात आलं, की मी सांगीन."

त्याच्या आईने सांगून पाहिले, की शीतपेटीचे भाडे असते, नातेवाईक लांबून आलेले असतात, फादरांचेही दिवसाचे काही ठरलेले असते. त्यावर तो एवढेच म्हणाला, "मम्मी, हिशेब मला येतो."

घरातील कागदपत्रांच्या फाइलमध्ये, मृत्युपत्राच्या मागे, आम्ही एका कागदावर 'दुसऱ्या दिवशी दुपारी चार' असे लिहून दोघांनी सह्या केल्या आहेत. कन्येने तो कागद पाहिला आहे. चिरंजीवांनी अजून होकार दिलेला नाही.